मधुमेह आणि उपदेशकांची सोय

नोव्हेंबरची १४ तारीख जवळ आली म्हणजे आपल्याकडे मधुमेहावरील व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. इन्सुलिनच्या शोधकांपैकीं एक जो फ्रेडरिक बँटिंग, त्याचा हा जन्मदिवस. आणि ज्या शोधानें लक्षावधि माणसांस मृत्यूच्या दारांतून परत आणलें त्याची आठवण ठेवणें योग्यच आहे. परंतु त्या दिवशीं व्यासपीठावरून जें सांगण्यांत येतें त्याचा मासला एकदां ऐकला कीं पुढील दहा वर्षांचीं व्याख्यानें ऐकण्याचें कारण उरत नाहीं. माणसें फार खातात. माणसें आळशी झालीं आहेत. जिभेवर ताबा नाहीं, शरीराला हालचाल नाहीं. पूर्वजांचा संयम गेला म्हणून पोट सुटलें, आणि पोट सुटलें म्हणून रक्तांत साखर वाढली. उपाय काय? कमी खा, पहाटे फिरावयास जा, रात्रीं लौकर निजा, चिंता करूं नका. वक्ता खालीं बसतो, टाळ्या होतात, आणि चहाबरोबर बिस्किटें फिरूं लागतात.

या उपदेशांतील एकेक वाक्य सुटें घेतलें तर तें खोटें नाहीं. आमचा आक्षेप वाक्यांवर नसून त्यांच्या रोखावर आहे. ‘सवय’ हा शब्द येथें अशा थाटानें उच्चारण्यांत येतो कीं, जणूं काय ती माणसानें बाजारांतून स्वखुशीनें विकत आणलेली एखादी चैनीची वस्तु आहे. आणली तशी ती उद्यां फेकून द्यावी, म्हणजे झालें! आमचें म्हणणें असें कीं, सवय ही जितकी माणसाची असते त्याहून अधिक ती त्याच्या दिवसाची असते. आणि तो दिवस कोण आंखतो हा अडचणीचा प्रश्न टाळतां यावा म्हणूनच रोगाचें खापर एकट्या रोग्याच्या माथीं फोडण्यांत येतें. हें फोडणें कोणालाच महाग पडत नाहीं. म्हणूनच तें लोकप्रिय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सवयींना महत्त्व नाहीं, सारें आनुवंशिक असतें, कपाळींचें टळत नाहीं, असें म्हणणारा एक दुसरा पक्ष आहे. त्याचें वकीलपत्र आम्ही घेतलेलें नाहीं. शरीराचें शास्त्र या बाबतींत निःसंदिग्ध आहे. जेवणानंतर रक्तांत उतरणाऱ्या साखरेचा मोठा वांटा अंगांतील स्नायु उचलतात. काम करणारा स्नायु तर इन्सुलिनची वाट न पाहतांहि साखर आंत ओढून घेतो. हे स्नायु निष्क्रिय राहिले, यकृतांत व पोटाच्या पोकळींत मेद सांचला, म्हणजे इन्सुलिन असूनहि त्याचा शब्द शरीर मानीनासें होतें. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून कांहीं वर्षें तोल सांभाळतें आणि शेवटीं थकतें. तो तोल गेल्याचें नांव दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. हा क्रम उलटवितां येतो, निदान लांबवितां येतो, हेंहि सिद्ध झालें आहे. चेन्नईस डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या ५३१ स्त्रीपुरुषांवर केलेला प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटांतील शेंकडा ५५ माणसांना तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार व चालणें यांत ज्यांना सतत साहाय्य मिळालें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ वर आलें. तेव्हां सवय बदलणें व्यर्थ आहे असें म्हणणाऱ्यानें आधीं या आंकड्यांशीं झुंज घ्यावी.

परंतु हेच प्रयोग उपदेशकांच्या विरुद्ध कशी साक्ष देतात तें पाहण्यासारखें आहे. या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेंतला. तो २००२ सालीं प्रसिद्ध झाला व त्यांत ३,२३४ माणसें होतीं. राहणी बदलावयाच्या गटांतील प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता. त्याच्याबरोबर सोळा धडे झाले, वजन शेंकडा ७ नें उतरविण्याचें व आठवड्यांत १५० मिनिटें चालण्याचें उद्दिष्ट ठरलें, अडचण आली तेथें ती सोडविण्यास माणूस हजर होता. तुलनेसाठीं ठेवलेल्या दुसऱ्या गटाला काय मिळालें? नांवाची एक गोळी, छापील माहिती, आणि वर्षांतून एकदां वीस-तीस मिनिटें ‘नीट खा, व्यायाम करा, वजन उतरवा’ हा उपदेश. परिणाम असा झाला कीं, या दुसऱ्या गटांत दर शंभरांमागें वर्षाला अकरा माणसांना मधुमेह झाला आणि पहिल्या गटांत पांचांनाहि नाहीं. वाचकांनीं या ठिकाणीं क्षणभर थांबावें. आपल्याकडे १४ नोव्हेंबरला जो डोस पाजण्यांत येतो, तो त्या प्रयोगांत औषध म्हणून वापरलेलाच नव्हता. औषधाची कसोटी पाहण्यासाठीं समोर जें निर्गुण कांहीं तरी ठेवावें लागतें, त्या जागीं शास्त्रज्ञांनीं उपदेशाला बसविलें होतें! आणि आपण मात्र त्यालाच रामबाण समजून गांवोगांव वांटीत सुटलों आहों.

हा विवेक आपल्या पूर्वजांस नव्हता असेंहि नाहीं. चरकानें प्रमेहाचीं कारणें देतांना पहिला मान बसून राहण्याच्या सुखास व झोंपेच्या सुखास दिला आहे; त्यामागून दहीं, दूध, नवें धान्य, गूळ व त्याचे प्रकार येतात. येथवर व्याख्याते चरकाचा आधार मोठ्या आवडीनें देतात. परंतु सुश्रुतानें चिकित्सा सांगतांना काय केलें, तें ते सहसा सांगत नाहींत. त्यानें प्रमेहाचे दोन भेद मानले : एक जन्मतः आलेला, दुसरा अपथ्यानें ओढवलेला, पहिल्यांतला रोगी कृश, दुसऱ्यांतला बहुधा स्थूल. आणि उपाय सांगतांना त्यानें माणसाची ऐपत पाहिली. निर्धन व निराश्रित असेल त्यानें छत्रीजोड्यावांचून, भिक्षेवर निर्वाह करीत, शंभर योजनें चालत जावें. धनवानानें रानांतलें धान्य व फळें खाऊन मृगांच्या संगतींत राहावें. आणखी कोणी विहीर खणावी. या उपायांतील काव्य बाजूला ठेवलें तरी त्यांतील शहाणपण राहतेंच. सुश्रुतानें रोग्याला ‘सकाळीं अर्धा तास फिरून पुन्हां गादीवर येऊन बस’ असें सांगितलें नाहीं. त्यानें त्याचा सगळा दिवसच उचलून दुसरीकडे ठेवला. सवय दिवसांत राहते हें त्याला ठाऊक होतें.

आतां हा दिवस म्हणजे काय, तें हवेंत बोलण्यापेक्षां एका गांवावरून पाहूं. वसई तालुक्यांत, वैतरणेच्या मुखाशीं, अर्नाळा हें गांव आहे. समोरच्या बेटावर पहिल्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, १७३७ सालीं उभा राहिलेला किल्ला; किनाऱ्यावर कोळीवाडा; आंत केळीच्या, पानवेलींच्या, भाजीच्या व फुलांच्या वाड्या; आणि आठ-दहा किलोमीटरांवर विरारचें स्टेशन. समुद्र, वाडी आणि रेल्वे अशीं तीन पोटें भरण्याचीं साधनें येथें एकमेकांस लागून आहेत, म्हणून हें गांव आमच्या कामाचें.

दोन पिढ्यांपूर्वींच्या कोळ्याची होडी शिडावर व वल्ह्यांवर चाले, आणि जाळें हातांनीं ओढावें लागे. आज होडीला इंजिन आहे. वाडीवाल्याच्या विहिरीवर रहाट होता, पाटाचें पाणी वळविण्यास कमरेंत वांकून राहावें लागे. आज बटण दाबलें कीं पंप सुरू होतो. कोळीण बोंबलाची पाटी डोक्यावर घेऊन मैलोगणती चालत असे. आज टेंपो आहे, रिक्षा आहे. हें सारें सुखाचें झालें, आणि तें झाल्याबद्दल कोणी सुस्कारा टाकूं लागला तर त्याला आम्ही पहिल्याप्रथम विरोध करूं. ज्यांनीं पाटीच्या ओझ्यानें मान आंखडलेली म्हातारी पाहिलेली नाहीं, तेच ‘जुन्या काळचे निरोगी कष्ट’ असे शब्द वापरूं शकतात. जुन्या अर्नाळ्यांत मधुमेह कमी होता असें मानलें तरी त्याच्या बदल्यांत वादळांत बुडालेलीं माणसें होतीं, पावसाळ्यांतील रिकामीं मडकीं होतीं, बाळंतपणांत गेलेल्या तरुण स्त्रिया होत्या. तो सौदा पुन्हां कोणी करूं नये.

परंतु एक गोष्ट मात्र खरी कीं, श्रम गेले आणि त्या श्रमांसाठीं शिजणारा भात तेवढाच राहिला. समुद्रावरून आलेल्या माणसाचें ताट समुद्रावर न गेलेल्या मुलापुढें वाढण्यांत आलें. यांत त्या मुलाचा हावरटपणा कोठें आहे? आईनें प्रेमानें वाढलें, त्यानें आदरानें खाल्लें. आपल्या समाजांत ज्याला संस्कार म्हणतात तोच हा. यंत्रानें श्रम काढून घेतले तेव्हां त्या श्रमांच्या जागीं शरीराला दुसरें काय द्यावयाचें, हा विचार घरानें एकट्यानें करावयाचा नव्हता. तो गांवानें, शाळेनें, सरकारनें करावयाचा होता. या भागाचा नकाशा गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळदां नव्यानें आंखण्यांत आला. २००९ सालीं शेजारीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा झाला. सीमा आंखणारे पुष्कळ भेटले. माणसाचा दिवस आंखण्याची जबाबदारी कोणाची, हें मात्र कोणत्याच नकाशांत सांपडत नाहीं.

तिसरें साधन रेल्वेचें, आणि आजच्या अर्नाळ्याच्या तरुणांस तेंच अधिक जवळचें. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दिवसांतून एक गाडी सुरू झाली. आज विरार ते चर्चगेट हें ६० किलोमीटरांचें अंतर असंख्य माणसें रोज दोनदां कापतात. अर्नाळ्याच्या एखाद्या नोकरदाराचा दिवस कागदावर मांडून पाहा. दहाच्या ठोक्याला मुंबईंत कामावर हजर व्हावयाचें तर विरारला साडेसातच्या सुमारास गाडी धरली पाहिजे. त्यासाठीं साडेसहाची एस. टी. किंवा रिक्षा, त्यासाठीं साडेपांचला उठणें, आणि घरांत डबा करणारी जी कोणी असेल तिनें साडेचारला. सायंकाळीं साडेसहाला सुटलेला माणूस घरीं पोंचतो तों साडेनऊ वाजतात. जेवण दहाला, अकरा-साडेअकराच्या आंत डोळा लागत नाहीं. या हिशेबांत पहाटेचें फिरणें कोठें बसवावयाचें, आणि ‘लौकर निजा’ या आज्ञेचें पालन किती वाजतां करावयाचें, तें व्याख्यात्यांनीं फळ्यावर लिहून दाखवावें. आमच्या वर्गांत पहिल्या तासाला डुलक्या देणारीं मुलें असतात. त्यांतील पुष्कळांची झोंप आळसाची नसून आगगाडीच्या वेळापत्रकानें कापून घेतलेली असते, हें त्यांचे चेहरेच सांगतात.

झोंपेचा विषय किरकोळ नव्हे. १९९९ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं अकरा निरोगी तरुणांना सहा रात्रीं फक्त चार-चार तास निजूं दिलें. तेवढ्यानेंहि त्यांच्या शरीराची साखर पचविण्याची शक्ति स्पष्टपणें घटली. तीं मुलें सातव्या रात्रीं पोटभर झोंपलीं. आमचा नोकरदार चार तास निजत नाहीं, पांच-सहा निजतो. पण त्याच्या रात्री सहा नसून सहा हजार असतात. आणि कोणी म्हणेल, ‘पण तो गाडींत दीड तास उभा असतो, जिने चढतो; तो व्यायाम नव्हे काय?’ जिना चढणें हा व्यायाम आहे, आणि तेवढ्यापुरतें रेल्वेचे उपकारहि मानूं. परंतु चारी बाजूंनीं चेंगरलेल्या अवस्थेंत एका पायावर लोंबकळणें ही दमणूक आहे. दमणुकीनें स्नायु बळावत नाहींत, घरीं पोंचल्यावर उठण्याची इच्छा मात्र मरते.

दिवसाची रचना माणसाच्या संयमाहून बलवत्तर असते, याचा एक जुना दाखला लंडनच्या बसगाड्यांचा आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, दुमजली बसवरील ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो आणि त्याच बसवर जिना चढउतार करून तिकिटें फाडणाऱ्या कंडक्टरांना कमी. पुढें त्यांनीं दोघांच्या गणवेषांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांच्या विजारी कमरेंत अधिक रुंद निघाल्या. रोग हृदयाचा होता, मधुमेहाचा नव्हे. आणि कामाची निवड करतांनाच दोघांत कांहीं फरक असेल, असा आक्षेपहि त्यावर घेण्यांत आला. तरी धडा उघड आहे. कंडक्टरानें कोणाचें व्याख्यान ऐकून जिना चढावयाचें ठरविलें नव्हतें; तो जिना त्याच्या नोकरींतच होता.

आतां खाण्याकडे वळूं. कारण उपदेशकांचा सगळा भर तेथेंच असतो. अर्नाळ्याच्या ताटांतील मासळीला दोष देण्याचें कांहींएक कारण नाहीं. ताजा बोंबील असो कीं सुका जवळा असो, गरिबाला परवडणारीं इतकीं सकस खाद्यें थोडीं आहेत. दोष शिरला आहे तो दोन जेवणांच्या मधल्या वेळांत. स्टेशनावरचा वडापाव, कचेरींतले चार गोड चहा, गाडींत फिरणारें फरसाण, दुकानाच्या दारांत लोंबणाऱ्या रंगीत पुड्या, आणि मुलांच्या हातांतलें बाटलींतलें गोड पाणी, हीं सर्वत्र, सदासर्वदा आणि सर्वांत स्वस्त मिळतात. ज्याला सकाळीं सहाला घर सोडावयाचें आणि रात्रीं दहाला जेवावयाचें, त्याची भूक वाटेंत कोणी तरी भागविणारच. ती कशानें भागवावयाची हें ठरविणारा तो नव्हे, वाटेवरचा बाजार आहे.

‘पण हात तर त्याचाच पुढें होतो ना?’ या प्रश्नाचें उत्तरहि प्रयोगानेंच दिलें आहे. २०१९ सालीं अमेरिकेंतील केव्हिन हॉल यांनीं वीस माणसांना चार आठवडे संशोधनालयांत ठेवून घेतलें. दोन आठवडे कारखान्यांत तयार झालेले पदार्थ, दोन आठवडे साधे शिजविलेले. दोन्हीं ताटांत साखर, मेद, तंतु यांचें प्रमाण सारखें राखलेलें. आणि हवें तेवढें खाण्याची मोकळीक. कारखान्याच्या अन्नावर असतांना तींच माणसें दररोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खात असत आणि त्यांचें वजन वाढलें. साध्या अन्नावर तें उतरलें. माणसें तींच, त्यांचा संयमहि तोच. बदलला तो समोरचा पदार्थ. असें असतां पदार्थ विकणाऱ्याला सोडून खाणाऱ्याला दरडावणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

याहूनहि मोठी चूक ‘लठ्ठ तो मधुमेही’ या समीकरणांत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं हें समीकरण भारतीय शरीराला जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, हें जगाला दाखवून दिलें. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत त्यांचें व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! आणि हा फरक जन्मापासूनचा असतो. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो, पण पुण्याच्या या हडकुळ्या बालकांत स्नायु कमी असून मेद मात्र त्या मानानें टिकून होता. गर्भांत अर्धपोटीं वाढलेलें शरीर पुढें सुबत्तेंत आलें म्हणजे तें अधिक लौकर मधुमेहाकडे झुकतें, असा या संशोधनाचा रोख आहे. म्हणूनच आपल्याकडे धोक्याची पातळी युरोपाहून खालीं धरावी लागते : निर्देशांक २५ नव्हे तर २३, आणि कमरेचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटर.

आतां सांगा, अर्नाळ्याच्या एखाद्या सडपातळ कोळिणीच्या रक्तांत साखर सांपडली, तर तिच्या कोणत्या आळसाचा पंचनामा करावयाचा? ती पहाटे तीनला उठते. तिच्या आईला गरोदरपणीं पोटभर मिळालें नाहीं, ही सवय कोणाची होती? गर्भाला आळशी म्हणावयाचें धाडस अद्याप कोणा व्याख्यात्यानें केलेलें नाहीं, एवढेंच काय तें समाधान!

प्रतिपक्षाचा मुख्य आक्षेप असा असेल कीं, अशानें कोणीच कशालाहि जबाबदार उरणार नाहीं; माणूस खुशाल खाईल आणि समाजाकडे बोट दाखवील. हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला आमचें उत्तर असें : जबाबदारी ज्याच्या त्याच्या हातांतल्या सत्तेएवढी असावी. चहांतली साखर कमी करणें, जेवणानंतर शतपावली घालणें, तिशी उलटतांच रक्त तपासून घेणें, हें माणसाच्या हातांत आहे. तें जो करीत नाहीं तो स्वतःशीं व घराशीं बेइमानी करतो, असें आम्हीहि म्हणूं. पण केवळ वैयक्तिक दुर्बलता हेंच रोगाचें मूळ असतें, तर तो सर्वत्र सारखाच पसरावयास हवा होता. कारण मोह आणि आळस परमेश्वरानें सर्व प्रांतांस सारखेच वांटले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेली पाहणी काय सांगते? देशांत १० कोटी १० लक्ष मधुमेही, आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष उंबरठ्यावर. परंतु प्रौढांमध्यें गोव्यांत हें प्रमाण शेंकडा २६.४, तर उत्तर प्रदेशांत ४.८! गोमंतकीय मनुष्य उत्तर प्रदेशीय मनुष्याहून पांचपट अधिक आळशी आणि खादाड आहे, असें म्हणावयास कोणी तयार आहे काय? फरक स्वभावाचा नव्हे. फरक पैशाचा, वयोमानाचा, शहरी राहणीचा व बाजाराचा आहे. आणि जेथें आज ती राहणी पोंचलेली नाहीं तेथें ती उद्यां पोंचेल, त्याबरोबर हा रोगहि पोंचेल.

दोष देण्याची ही पद्धति नुसती चुकीची असती तर आम्ही लेखणी उचललीहि नसती. ती घातक आहे. ज्या रोगाला समाज अपराध समजतो, तो रोग माणूस लपवितो. मधुमेह तर पहिलीं कांहीं वर्षें दुखत नाहीं, खुपत नाहीं. लपविण्यास याहून सोयीचा रोग दुसरा कोणता? ‘तुला झालाच कसा, एवढी कसली खाल्लीस?’ हा प्रश्न चुकविण्यासाठीं स्त्रिया तपासणी टाळतात, लग्नाच्या मुली इन्सुलिन दाराआड टोंचून घेतात. आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेलीं जीं मुलें असतात, ज्यांच्या स्वादुपिंडांतील पेशी त्यांच्याच शरीराच्या संरक्षकदलानें मारून टाकलेल्या असतात, त्यांना या अपराधाशीं कसलाहि संबंध नसतांना सरसकट त्याच पंक्तीला बसविण्यांत येतें. डोळे, मूत्रपिंडें, पाय जाईपर्यंत दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या रोग्यांत लाजेनें मागें राहिलेलेहि आहेत, हें उपदेशकांनीं ध्यानांत घ्यावें.

मग करावें काय? आम्ही शंभर योजनें चालावयास सांगत नाहीं. परंतु अर्नाळ्यासारख्या गांवांत सुश्रुताचें तत्त्व आजच्या भाषेंत उतरवितां येईल. रस्ता करतांना मोटारींचा विचार आधीं आणि चालणाऱ्याचा मागून, हा क्रम उलटा करावा. विरारच्या वाटेवर व गांवांत स्त्रियांना व म्हाताऱ्यांना निर्धास्तपणें पायीं जातां येईल अशी कडेची वाट आणि दिवे हे वैद्यकीय उपचारच समजावे. समुद्रकिनारा सुटींत आलेल्या पाहुण्यांच्या जेवणावळींसाठीं जितका राखला जातो, तितकाच तो गांवच्या मुलांच्या धांवण्यासाठीं राखावा. रविवारीं मुंबई आराम करावयास अर्नाळ्यास येते आणि सोमवारीं अर्नाळा घाम गाळावयास मुंबईस जातो. या देवघेवींत गांवाच्या वांट्यास निदान आपली वाळू तरी यावी. शाळेंतील खेळाचा तास गणिताच्या तासासारखा पवित्र मानावा, आणि शाळेच्या दारांत गोड पाण्याच्या बाटल्या विकूं देऊं नयेत. कचेऱ्यांनीं कामाच्या वेळा पुढेंमागें करण्याची सवलत द्यावी. एका तासाच्या फरकानें माणसाला एक तासाची झोंप परत मिळते. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी करण्याची सरकारी योजना आहे, ती आरोग्यकेंद्रांत रोगी येण्याची वाट पाहत बसूं नये, मासळीबाजारांत, एस. टी. च्या थांब्यावर, ग्रामसभेंत ती जावी. एक मापाची फीत आणि बोटाला एक टोंचणी, एवढ्यानें आरंभ होतो. आणि सर्वांत आधीं गरोदर स्त्रीचें ताट पाहावें. कारण चाळीस वर्षांनंतरच्या मधुमेहाचा बंदोबस्त करण्याची ती पहिली जागा आहे.

यांपैकीं एकहि गोष्ट व्याख्यानानें होणारी नाहीं. प्रत्येकीला पैसा लागतो, कोणाचा तरी नफा थोडा कमी करावा लागतो, कोणत्या तरी अधिकाऱ्याला जाब विचारावा लागतो. आणि म्हणूनच व्याख्यान स्वस्त वाटतें. माणसाला ‘बदल’ म्हणून सांगण्यास एक माईक आणि एक हार पुरतो. त्याच्या दिवसांत अर्धा तास मोकळा करून देण्यास मात्र गांव, रेल्वे, शाळा आणि कचेरी यांना हलवावें लागतें.

तेव्हां येत्या १४ नोव्हेंबरला जे कोणी व्यासपीठावर बसतील, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. श्रोत्यांना त्यांच्या सवयींविषयीं विचारण्यापूर्वीं त्यांना किती वाजतां उठावें लागतें तें विचारा. ते काय खातात हें विचारण्यापूर्वीं ते जेथें खातात तेथें दुसरें काय मिळतें तें पाहा. आणि ‘चालत जा’ असें सांगण्यापूर्वीं चालावयाची वाट आहे कीं नाहीं तें स्वतः चालून बघा. एवढें केल्यावर उपदेश करावासा वाटला तर अवश्य करावा. तो ऐकावयास आम्ही पहिल्या रांगेंत बसूं.